इंजिन रूममध्ये वॉचवर असलेला माणूस चार तास नक्की करतो काय

आपल्याकडे गोव्यात, निदान वास्को, सडा, चिखली, मडगाव या पट्ट्यात, शिपवर गेलेला एकही माणूस ओळखीत नाही असं घर सापडणं कठीण. पण त्याच्या घरच्यांना विचारा की तो तिथे करतो काय, तर "इंजिनात आहे" एवढंच उत्तर येतं, आणि पुढे कोणालाच काही सांगता येत नाही, कारण सुट्टीवर आलेला माणूस कामाचं बोलत नाही, आणि बोललाच तर ते शब्द घरात कोणाला कळत नाहीत. आता नवीन पोरं पण बरीच जातायत, कोणी जीपी रेटिंग, म्हणजे खलाशाचा कोर्स, करून, कोणी मेकॅनिकल इंजिनिअरिंग करून मग एक वर्षाचा कोर्स करून, आणि त्यांनाही वॉच, म्हणजे इंजिन रूममधली पाळी, ही चार तास मशीनसमोर बसायचं आणि लाल दिवा लागला की बटण दाबायचं असंच वाटतं. तसं नाहीये ते. अलार्म वाजायच्या आधी काहीतरी बदलतंय हे ज्याला कळतं तो वॉचकीपर. अलार्म वाजला म्हणजे मशीनने स्वतः ओरडून सांगितलं, आणि तोपर्यंत बराच वेळ हातातून गेलेला असतो.

आधी खाली काय असतं ते बघू. मुरगाव बंदरात माल भरायला-उतरवायला येतात तशा एखाद्या मोठ्या मालवाहू जहाजाचं मेन इंजिन तीन-चार मजले उंच असतं, आणि ते थेट पंख्याला जोडलेलं असतं, म्हणजे प्रोपेलरला, मध्ये ना गिअरबॉक्स ना क्लच. इंजिन फिरतं तेवढाच पंखा फिरतो, मिनिटाला साधारण ८० ते १०० फेरे, लहान इंजिनांच्या मानाने एकदम सावकाश. रिव्हर्स जायचं असेल तर इंजिन थांबवून उलट्या दिशेने परत चालू करावं लागतं, आणि चालू करायला बॅटरी नाही तर ३० बारपर्यंत दाबलेली हवा लागते, ती मोठ्या बाटल्यांत भरून ठेवलेली असते. हवा संपली तर इंजिन सुरूच होणार नाही, म्हणून नियम असा आहे की असल्या उलटसुलट फिरणाऱ्या इंजिनासाठी बाटल्या परत न भरता बारा वेळा स्टार्ट करता येईल एवढी हवा हवी.

मेन इंजिनच्या आजूबाजूला मग बाकी सगळं गाव वसलेलं असतं. वीज बनवणारे जनरेटर, बॉयलर, तेल साफ करणारे प्युरिफायर, कॉम्प्रेसर, समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी बनवणारं मशीन, सांडपाण्याचा प्लांट आणि पंप तर विचारूच नका. इंधन म्हणजे गाडीतलं डिझेल नव्हे, बहुतेक जहाजांवर अजूनही जड तेल असतं, थंड असताना डांबरासारखं घट्ट, ते १२० ते १४० डिग्रीपर्यंत तापवल्यावर कुठे इंजिनात फवारता येईल एवढं पातळ होतं. १ जानेवारी २०२० पासून इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५० टक्क्यांवरून ०.५० टक्क्यावर आली आणि काही ठरवून दिलेल्या किनाऱ्यांजवळ तर ०.१० टक्काच चालतं, म्हणजे तिथे पोचायच्या आधी तेल बदलावं लागतं, आणि तो बदल हळूहळू करायचा, तापमान मिनिटाला दोन डिग्रीपेक्षा जास्त घसरू द्यायचं नाही, नाहीतर फ्युएल पंप आतल्या आत जाम होतो. हे सगळं वॉचवरच्या माणसाच्या डोळ्यासमोर होतं. कमी गंधकाचं तेल हा नियम कागदावर एका ओळीचा आहे, पण त्यामागे कोणीतरी व्हॉल्व्हजवळ घड्याळ आणि थर्मामीटर बघत उभा असतो हे लक्षात ठेवा.

वॉच चार तासांचा, मग आठ तास सुटी, मग परत चार तास. जुन्या पद्धतीत चार ते आठ सेकंड इंजिनिअर, आठ ते बारा फोर्थ, आणि बारा ते चार थर्ड, म्हणून तीन साब रात्री बारा वाजता खाली जातो आणि पहाटे चारला वर येतो, आणि दुपारी परत तेच. बरोबर एक मोटरमन किंवा ऑइलर असतो. बडा साब म्हणजे चीफ इंजिनिअर वॉच करत नाही पण जबाबदारी सगळी त्याचीच, त्याच्या लेखी सूचना असतात आणि रात्रीच्या ऑर्डरच्या वहीत प्रत्येकाने वाचून सही करायची असते.

माझ्या मते वॉचमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग चार तासांच्या आतला नाहीच, तो वॉच घ्यायच्या आधीचा पाव तास आहे. येणारा माणूस सरळ कंट्रोल रूममध्ये जाऊन खुर्चीत बसला तर तो वॉच घेतच नाहीये, फक्त जागा बदलतोय. त्याने आधी स्वतः खाली एक फेरी मारायची, मग कंट्रोल रूममध्ये यायचं, आणि मग जाणाऱ्याला विचारायचं. काय विचारायचं तेही एसटीसीडब्ल्यू नावाच्या आंतरराष्ट्रीय करारात लिहिलंय, मूळ १९७८ चा करार, २०१० मध्ये मनिलाला मोठी दुरुस्ती झाली. चीफच्या सूचना काय आहेत, कुठलं मशीन दुरुस्तीला उघडलंय आणि तिथे कोण काम करतंय, बिल्जमध्ये म्हणजे तळाच्या खड्ड्यात पाणी किती, इंधनाच्या टाक्यांत तेल किती आणि कसं, कुठलं मशीन ऑटोमध्ये आणि कुठलं हाताने चालतंय, हवामान कसं आहे, आग विझवायची सामग्री जागेवर आहे का, लॉगबुक भरलंय का. ही यादी वाचायला कंटाळवाणी आहे पण तिच्यातला एकेक मुद्दा मागे कुठेतरी कोणाला तरी महागात पडलेला आहे.

"सब ठीक है" हा हँडओव्हर नाही. "दोन नंबर जनरेटरचं कूलिंग पाणी संध्याकाळपासून दोन डिग्री वर आहे, कूलर बघितला, काही सापडलं नाही, लक्ष ठेव" हा हँडओव्हर आहे. आणि अजून एक, येणारा माणूस प्यायलेला दिसला, किंवा आजारी, किंवा झोपेने डोळे उघडत नाहीत असा असेल, तर त्याला वॉच द्यायचाच नाही, चीफला फोन करायचा. नव्या पोरांना हे फार जड जातं, सीनिअरविरुद्ध कसं बोलायचं म्हणून, पण नियम त्याच्या बाजूने आहे, अगदी स्पष्ट लिहिलेला आहे, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. दारूची मर्यादाही तिथेच आहे, रक्तात ०.०५ टक्के, आणि बऱ्याच कंपन्यांचा नियम तर शून्याचाच असतो.

आता फेरी. बरेच जण वरून सुरुवात करतात, मागे स्टिअरिंग गिअरपासून, म्हणजे सुकाणू फिरवणारी मशीन, तिथे तेल गळतंय का, मग बॉयलर, मग इंजिनच्या डोक्यावर सिलिंडर हेड, मग मधला मजला, प्युरिफायर रूम, जनरेटर, आणि शेवटी सगळ्यात खाली बॉटम प्लेट, जिथे मोठे पंप असतात आणि मागे शाफ्ट पंख्याकडे जातो. शाफ्टच्या बेअरिंगचं तापमान, स्टर्न ट्यूबच्या, म्हणजे ज्या नळीतून शाफ्ट जहाजाबाहेर जातो तिच्या, तेलाची पातळी, बिल्ज. प्युरिफायर रूममध्ये नाक जास्त कामाला येतं, कारण तिथे जवळपास ९८ डिग्रीला तापवलेलं तेल फिरतं आणि गळती सुरू झाली तर डोळ्याला दिसायच्या आधी वास येतो. आवाज सगळीकडे एवढा असतो की कानावर मफ लावल्याशिवाय जायचंच नाही, ११० डेसिबल ही तर इंजिन रूमसाठी कायद्याने घातलेली वरची मर्यादा आहे. तरीसुद्धा त्या गोंगाटातून एखाद्या पंपाचा आवाज बदललेला कळतो. घरच्या विहिरीतलं पाणी मे महिन्यात खाली गेलं आणि पंप हवा ओढायला लागला की आतल्या खोलीत बसलेल्या माणसाला पण तो आवाज कळतो ना, अगदी तसंच. कोणी शिकवलेलं नसतं, रोजचा आवाज कानात बसलेला असतो म्हणून वेगळा आवाज टोचतो. मांडवी-जुवारीवर खनिजाच्या बार्ज चालवणारे जुने इंजिन ड्रायव्हर असेच कानावर इंजिन सांभाळायचे, त्यांच्याकडे सेन्सर कुठले होते.

कान, नाक, हात हे झालं, पण त्याच्या जोडीला लॉगबुक. प्रत्येक वॉचला आकडे लिहायचे, प्रत्येक सिलिंडरचं एक्झॉस्ट तापमान, जॅकेट कूलिंगचं पाणी जे साधारण ८० ते ८५ डिग्रीला बाहेर यायला पाहिजे, तेलाचा दाब, टर्बोचार्जरचे फेरे, टाक्यांतलं तेल. आता समजा चार नंबर सिलिंडरचं एक्झॉस्ट सकाळी ३५० होतं, दुपारी ३५६, रात्री ३६४, दुसऱ्या दिवशी सकाळी ३७३, आणि अलार्म लागतो ४३० ला. प्रत्येक वॉचचा माणूस आपलाच आकडा बघून म्हणणार की मर्यादेत आहे, आणि तो खोटं बोलत नाहीये. पण चारही आकडे एका ओळीत वाचले, आणि शेजारचे सिलिंडर जागेवरच आहेत हे बघितलं, की कळतं की इंजेक्टर खराब होतोय नाहीतर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये. तेव्हा सांगितलं तर पुढच्या बंदरात शांतपणे बदलता येतो. नाही सांगितलं तर भर समुद्रात, डोलत्या जहाजावर, इंजिन थांबवून बदलावा लागतो. म्हणून लिहिताना मागची चार पानं उलटून बघायची सवय लावा. मागच्या वॉचचे आकडे बघून तसेच उतरवून काढणं, हे काही ठिकाणी चालतं, ते तर सरळ सरळ धोक्याचं आहे, कारण मग वही असून आंधळी.

अलार्म येतो आणि जातो, हे सगळ्यात फसवं. २३ मार्च २०१९ ला वायकिंग स्काय नावाचं क्रूझ जहाज नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ, हुस्टाडविका नावाच्या खडकाळ पट्ट्यात, वादळात सापडलं, जहाजावर १,३७३ माणसं. जनरेटरच्या तळाच्या टाक्यांत लुब्रिकेटिंग तेल जेवढं असायला हवं त्यापेक्षा बरंच कमी होतं. शांत समुद्रात काही जाणवलं नाही, पण जहाज जोरात डोलायला लागल्यावर तेल एका बाजूला जायचं आणि पंप हवा ओढायचा. सकाळपासून तेलाच्या पातळीचे अलार्म येत होते आणि काही सेकंदांत जात होते. मग एकामागून एक चालू असलेले सगळे जनरेटर बंद पडले, वीज गेली, पंखे थांबले आणि जहाज खडकांकडे वाहायला लागलं. नांगर टाकले, खालच्या लोकांनी जिवाच्या आकांताने इंजिनं परत सुरू केली म्हणून वाचलं, तोपर्यंत हेलिकॉप्टरने चारशेहून जास्त लोकांना उचलावं लागलं. आपली किती गोव्याची माणसं क्रूझवर आहेत ते तुम्हाला माहितीच आहे, त्यामुळे ही गोष्ट मला लांबची वाटत नाही. आलेला आणि लगेच गेलेला अलार्म म्हणजे सुटलेला प्रश्न नाही, तो का आला हे शोधायचंच, आणि वादळाची बातमी असेल तर टाक्यांतली पातळी आदल्या दिवशीच बघून वर आणायची.

वर ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, असलेल्या माणसाला खालचं काही दिसत नाही आणि खालच्याला बाहेरचं काही दिसत नाही, मध्ये फक्त एक फोन. म्हणून स्पीड कमी होणार असेल, इंजिन थांबवावं लागणार असेल, वीज जायची शक्यता असेल, आग असेल, तर आधी ब्रिजला सांगायचं, शक्यतो करण्याच्या आधी. खाली वाटतं की तापमान वाढलंय तर थांबवून टाकूया, पण त्याच क्षणी वर जहाज एखाद्या पुलाखालून जात असू शकतं. २६ मार्च २०२४ ला अमेरिकेत बाल्टिमोरला दाली या कंटेनर जहाजाची वीज अशीच दोनदा गेली, पंप थांबले, पाण्याचा दाब गेल्यामुळे मेन इंजिन आपोआप बंद झालं आणि जहाज फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळलं, पुलावर काम करणारे सहा मजूर गेले. जहाजावरचे जवळजवळ सगळे खलाशी भारतीयच होते. तपासात वीज जाण्याचं कारण निघालं एक नीट न बसलेली वायर. त्या थोड्याशा मिनिटांत वरून मेडे, म्हणजे संकटाचा संदेश, दिला गेला म्हणून पोलिसांना पुलावरची वाहनं तरी थांबवता आली. वेळेवर सांगितल्याने काय होतं त्याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

काही अलार्म असे आहेत की तिथे धावत जायचं नसतं. क्रँककेसमध्ये म्हणजे इंजिनच्या पोटात एखादं बेअरिंग खूप तापलं की तेलाची वाफ होऊन धुकं तयार होतं, आणि ते पेटू शकतं. त्यासाठी ऑइल मिस्ट डिटेक्टर असतो. तो वाजला की ब्रिजला सांगून स्पीड कमी करायचा, इंजिन थांबवायचं, क्रँककेसच्या दारांसमोरून सगळ्यांना बाजूला घ्यायचं, आणि दार उघडायचं नाही, निदान अर्धा तास तरी नाही, कारण उघडलं की ताजी हवा आत जाते आणि स्फोट होतो. १९४७ मध्ये रैना देल पॅसिफिको या जहाजावर चाचणीच्या वेळी क्रँककेसचा स्फोट होऊन २८ जण गेले, त्यानंतर या विषयाकडे जगाने गंभीरपणे बघायला सुरुवात केली. काय झालंय ते बघावं असं प्रत्येक इंजिनिअरला वाटतं, हात शिवशिवतात, पण इथे थांबणं हीच ड्युटी.

आता बहुतेक नवीन जहाजांवर रात्री खाली कोणीच नसतं, त्याला यूएमएस म्हणतात. दिवसा सगळे मिळून काम करतात, संध्याकाळनंतर एक जण ड्युटी इंजिनिअर, तो झोपायच्या आधी दहाच्या सुमाराला पूर्ण फेरी मारतो, टाक्या भरून घेतो, बिल्ज बघतो, आणि मग अलार्म त्याच्या केबिनमध्ये वाजतो. तो वेळेत उठून उत्तर देत नसेल तर बाकीच्या इंजिनिअरांच्या केबिनमध्ये वाजतो. रात्री एकट्याने खाली उतरताना ब्रिजला फोन करून जायचं आणि डेडमॅन अलार्म चालू करायचा, तो ठरलेल्या वेळाने, साधारण अर्ध्या तासाच्या आत, रीसेट केला नाही तर वर वाजतो, म्हणजे तुम्ही घसरून पडलात तरी कोणीतरी शोधायला येईल. पाच मिनिटांचंच काम आहे म्हणून तो न लावता खाली जाणारे लोक आहेत, आणि मला त्याबद्दल खरंच काळजी वाटते.

बंदरात येताना मात्र ऑटो-बिटो बाजूला, सगळे खाली. दोन जनरेटर जोडीने चालवायचे, हवेच्या बाटल्या पूर्ण भरायच्या, स्टिअरिंगच्या दोन्ही मोटर चालू, आणि कंट्रोल रूममध्ये माणूस. मुरगावसारख्या ठिकाणी अजून एक गोष्ट, हे बंदर जुवारीच्या तोंडावर आहे आणि पावसाळ्यात नदी लाल गढूळ पाणी घेऊन येते. जहाज थंड करायला समुद्राचं पाणी आत घेतं, त्याला खालचं आणि वरचं अशी दोन तोंडं असतात. उथळ पाण्यात वरचं तोंड वापरायचं म्हणजे तळाचा गाळ आत येत नाही. तरी फिल्टरमध्ये प्लास्टिक, पालापाचोळा, कधी जेलीफिश अडकतात, आणि पाण्याचा दाब हळूहळू उतरायला लागतो. दाब बघणाऱ्याला हे वेळेत कळतं, मग दुसरा फिल्टर लावून पहिला साफ करता येतो.

बिल्जचं पाणी समुद्रात सोडायचं तर ते तेल वेगळं काढणाऱ्या मशीनमधून जाऊन त्यात तेल १५ पीपीएमपेक्षा कमी असायला हवं, आणि प्रत्येक वेळी ऑइल रेकॉर्ड बुकात लिहायचं. चीफला न विचारता वॉचवरच्या माणसाने तो व्हॉल्व्ह हातात घ्यायचाच नाही, कोणी तोंडी सांगितलं तरी नाही. मशीन चुकवून गुपचूप पाईप जोडल्याबद्दल परदेशात इंजिनिअर तुरुंगात गेलेत.

विश्रांतीबद्दल घरच्यांनी पण वाचावं असं आहे. नियमाप्रमाणे २४ तासांत कमीत कमी १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे, आणि ते १० तास दोनपेक्षा जास्त तुकड्यांत नकोत, त्यातला एक तुकडा सलग सहा तासांचा हवा. कागदावर हे बहुतेक जमवलेलं असतं, प्रत्यक्षात बंदरं लागोपाठ आली की जमत नाही, आणि मग पहाटे तीन वाजता माणूस गेजकडे बघतो पण आकडा डोक्यात शिरत नाही. आता जहाजांवर इंटरनेट आलंय, ते फार चांगलं झालं, पण तुमचा मुलगा बारा-चारच्या वॉचवर असेल तर तो झोपतो पहाटे पाचला, आणि त्यात जहाजाचं घड्याळ आपल्यापेक्षा पुढे-मागे. त्यामुळे त्याला एकदा विचारून घ्या, वॉच कुठला, झोपतोस कधी, आणि घड्याळाजवळ लिहून ठेवा. घरातलं भांडण, जागेचा वाद, असलं काही त्याला वॉचला जायच्या अर्धा तास आधी फोनवर सांगू नका, ते उद्या सांगितलं तरी चालतं.

आणि जी पोरं पहिल्यांदाच जाणार आहेत त्यांच्यासाठी, पहिल्या आठवड्यात टॉर्च आणि छोटी वही घेऊन पाईपलाईन शोधत फिरा, नकाशा हातात घेऊन, प्लेट उचलून, कुठला पाईप कुठून कुठे जातो ते. सगळं एकदम जमणार नाही. सुरुवात इमर्जन्सी बिल्ज सक्शनच्या व्हॉल्व्हपासून करा, म्हणजे इंजिन रूममध्ये पाणी शिरलं तर ज्याने मोठा पंप थेट ते पाणी उपसतो तो. मग फ्युएल टाक्यांचे बाहेरून बंद करायचे व्हॉल्व्ह, मग बाहेर पडायचा दुसरा रस्ता, आणि आग विझवायला कार्बन डायऑक्साइड सोडायच्या आधी वाजणारा अलार्म कसा ऐकू येतो तो. वीज गेली तर इमर्जन्सी जनरेटरला ४५ सेकंदांपर्यंत वेळ दिलेला आहे, तेवढा वेळ पूर्ण अंधार असू शकतो असं धरून चाला, त्यामुळे व्हॉल्व्ह हाताने चाचपून सापडला पाहिजे. कोणी दाखवत नसेल तर जुन्या मोटरमनला विचारा, चहाच्या वेळी विचारलं तर तो सोबत येऊन दाखवेल.